लॅटिसवर पायॉनचं वस्तुमान काढताना नेमकं कुठे चुकतं: कॉन्फिगच्या फाइलपासून एमईव्हीपर्यंत

लॅटिस म्हणजे स्थळ-काळाची जाळी, तिच्यावर क्वार्क-ग्लुऑनचं गणित कॉम्प्युटरने करून पायॉनसारख्या कणाचं वस्तुमान काढतात. मध्यंतरी एकाने इफेक्टिव्ह मासचा, म्हणजे वेळेगणिक मिळणाऱ्या वस्तुमानाचा, प्लॉट पाठवला. प्लॅटो (सपाट भाग) मस्त दिसत होता, एरर बार एकदम छोटे, आणि खाली एकच ओळ, "पायॉन २९६ एमईव्हीचा यायला हवा, माझा २५४ येतोय, कोड तर बरोबर आहे, मग काय?" उत्तर एका ओळीचं होतं, खाली पाचव्या टप्प्यात येईलच, पण गंमत अशी की त्याने त्याआधी तीन आठवडे सॉल्व्हर बदलून बघण्यात घालवले होते.

असं का होतं तर फिट हा फार आज्ञाधारक प्राणी आहे. कचरा घातला तरी तो तीन आकडी उत्तर काढून देतो, वर एररही देतो. म्हणून आकडा बघायचा तो सगळ्यात शेवटी, त्याआधी प्रत्येक टप्प्यावर एक तपासणी, आणि ती पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोरिलेटर म्हणजे काय हे माहीत आहे असं धरून लिहितोय.

उदाहरण एकच घेऊ, खरं आणि उघड्यावर मिळणारं: जपानच्या पॅक्स-सीएस गटाच्या कॉन्फिग (ग्लुऑन क्षेत्राचे जाळीवरचे साठवलेले नमुने). क्लोव्हर क्वार्क, इवासाकी गेज अॅक्शन (क्वार्क आणि ग्लुऑन जाळीवर मांडायच्या पद्धती), बीटा (कपलिंग ठरवणारा आकडा) १.९०, लॅटिस ३२×३२×३२×६४, शेजारच्या बिंदूंमधलं अंतर ०.०९०७ फर्मी. हलक्या क्वार्कचा कप्पा (वस्तुमान ठरवणारा आकडा) ०.१३७७० असलेला संच घ्यायचा, त्यात पायॉन साधारण २९६ एमईव्हीचा आहे.

१. आधी कागद-पेन

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी चार आकडे वहीत लिहा.

पहिला, १९७.३ भागिले ०.०९०७ म्हणजे साधारण २१७६ एमईव्ही. लॅटिस युनिटमधल्या कुठल्याही वस्तुमानाला याने गुणलं की एमईव्ही मिळतात.

दुसरा, पायॉन लॅटिस युनिटमध्ये किती यायला हवा: २९६ भागिले २१७६, म्हणजे ०.१३६. हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवा.

तिसरा, पायॉनचं वस्तुमान गुणिले डब्याची लांबी. ०.१३६ गुणिले ३२, म्हणजे ४.३५. चारच्या वर असेल तर डबा लहान असल्याचा त्रास साधारण आटोक्यात असतो. याच मालिकेत १५६ एमईव्हीचा संचही आहे आणि नवीन माणूस हमखास तोच उचलतो, कारण तो खऱ्या पायॉनच्या सगळ्यात जवळ. पण तिथे हा गुणाकार जेमतेम २.३ येतो आणि इन्व्हर्जनलाही (क्वार्कची मॅट्रिक्स उलटवायला) कितीतरी जास्त वेळ लागतो. शिकायला तो नको.

चौथा आकडा डिस्कचा. हा लोक विसरतात आणि मग क्लस्टरच्या अॅडमिनचा मेल येतो. साइट्स (जाळीचे बिंदू) २०,९७,१५२. प्रत्येक साइटवर चार लिंक (शेजारच्या साइट्सकडे जाणारे दुवे), प्रत्येक लिंक ३×३ ची कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स, डबल प्रिसिजनमध्ये १४४ बाइट, म्हणजे एक कॉन्फिग १.२ जीबी. प्रोपगेटर (क्वार्क एका बिंदूवरून दुसरीकडे कसा जातो त्याचा हिशोब) मात्र प्रत्येक साइटवर १२×१२ चा, तो होतो ४.८ जीबी. ४०० कॉन्फिग आणि प्रत्येकी ४ सोर्स (क्वार्क जिथून सुरू होतो त्या जागा) धरले तर साडेसात टीबीच्या वर गेलात. त्यामुळे प्रोपगेटर साठवू नका, त्याच जॉबमध्ये कॉन्ट्रॅक्शन (प्रोपगेटर जोडून कोरिलेटर बनवणं) करा आणि कोरिलेटर तेवढे लिहा. ते प्रत्येक चॅनलला ६४ आकडे असतात, पेन ड्राइव्हमध्ये मावतील.

२. फाइल वाचली म्हणजे बरोबर वाचली असं नाही

आयएलडीजी (कॉन्फिग वाटून घ्यायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था) फॉरमॅटमध्ये बायनरी भाग बिग-एंडियन असतो आणि आपली बहुतेक मशीन्स लिटल-एंडियन. रेडी सॉफ्टवेअर वापरत असाल, म्हणजे क्रोमा, ग्रिड वगैरे, तर ते आपोआप उलटवतं. स्वतःचा रीडर लिहिला असेल तर इथेच पहिला खड्डा. दुसरा खड्डा लिंकच्या दिशांचा क्रम: फाइलमध्ये एक्स, वाय, झेड, टी आणि तुमच्या कोडमध्ये टी पहिला, असं बरेचदा असतं.

तपासा:
- चेकसम जुळतो का.
- तुम्ही काढलेला सरासरी प्लॅकेट (चार लिंकच्या छोट्या चौकोनाचा गुणाकार) सोबत दिलेल्या आकड्याशी शेवटच्या अंकांपर्यंत जुळतो का. "जवळपास जुळतो" याचा अर्थ जुळत नाही.
- चार-पाच रँडम लिंक घेऊन त्या युनिटरी आहेत का आणि डिटरमिनंट १ येतो का. सिंगल प्रिसिजनची फाइल असेल तर वाचल्यावर परत युनिटरी करून घ्या.

आता एक अशी चूक जी प्लॅकेट पकडत नाही. क्वार्कला काळाच्या दिशेने अँटिपिरियॉडिक बाउंडरी हवी असते, म्हणजे शेवटच्या टाइमस्लाइसवरच्या (एका क्षणाच्या जाळीच्या कापावरच्या) टी-लिंकला उणे चिन्ह. काही फाइल्समध्ये किंवा काही कोडमध्ये हे उणे आधीच लिंकमध्ये घातलेलं असतं, तुम्ही परत घातलंत की उणे-उणे अधिक आणि बाउंडरी पिरियॉडिक. प्लॅकेटमध्ये अशा दोन लिंक एकत्र येतात त्यामुळे तो ढिम्म हलत नाही. पायॉनलाही विशेष फरक पडत नाही, कारण त्यात क्वार्क आणि अँटिक्वार्क दोघांचीही चिन्हं बदलतात. मी हे एकदा केलंय आणि कळलं ते कित्येक महिन्यांनी, न्यूक्लिऑनच्या कोरिलेटरचा मागून येणारा भाग उलट्या चिन्हाने आला तेव्हा. पोल्याकोव्ह लूप (काळाच्या दिशेने पूर्ण फेरी मारणाऱ्या लिंकचा गुणाकार) मात्र चिन्ह बदलतो, त्यामुळे शंका आली की तो फाइलवर आणि कोडने उणे घातल्यानंतर असा दोनदा काढून बघा आणि मेटाडेटा नीट वाचा.

३. कोडची परीक्षा, खऱ्या कॉन्फिगवर जाण्याआधी

दोन टेस्ट आहेत, दोन्ही ८×८×८×१६ वर लॅपटॉपवरही होतात, आणि तरीही कुणी करत नाही.

पहिली: सगळ्या लिंक युनिट मॅट्रिक्स ठेवा. आता क्वार्क मोकळा आहे आणि त्याचा प्रोपगेटर मोमेंटम स्पेसमध्ये हाताने लिहिता येतो. तुमचा आकडा त्याच्याशी मशीन प्रिसिजनपर्यंत जुळला पाहिजे. गॅमा मॅट्रिक्सचा बेसिस (क्रोमामध्ये डिग्रँड-रॉसी, दुसरीकडे दुसरा), बाउंडरी आणि कप्पाचं नॉर्मलायझेशन यातलं काहीही चुकलं असेल तर इथे कळतं.

दुसरी: एखादी छोटी, लिंक युनिट नसलेली कॉन्फिग घ्या, प्रत्येक साइटवर रँडम एसयू(३) मॅट्रिक्सने गेज ट्रान्सफॉर्म करा, पायॉनचा कोरिलेटर परत काढा. पॉइंट सोर्सला उत्तर सॉल्व्हरच्या प्रिसिजनपर्यंत तेच यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी लिंक उलटी लागतेय, बहुतेकदा स्मिअरिंगमध्ये (आजूबाजूला पसरवण्यात) डॅगर राहिलेला असतो.

सावध: कूलॉम्ब गेज फिक्स करून वॉल सोर्स (पूर्ण टाइमस्लाइसभर पसरलेला) वापरत असाल तर ही टेस्ट तशीच चालणार नाही. ट्रान्सफॉर्मनंतर परत गेज फिक्स करावं लागेल, आणि तिथे फरक दिसला तर आधी गेज फिक्सिंगचा टॉलरन्स बघा.

४. इन्व्हर्जन

पॅरामीटर फाइलमध्ये तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, क्लोव्हरचा सहगुणक. या संचाला तो १.७१५ आहे, पण कुणीतरी दुसऱ्या प्रोजेक्टची इनपुट फाइल कॉपी करतं आणि त्यात १.० असतो. कोड मुकाट्याने चालतो, पायॉन भलतीकडे जातो. त्यातून काही लायब्ररींना नुसता सहगुणक लागतो आणि काहींना कप्पाने गुणलेला, डॉक्युमेंटेशन वाचा. दोन, कप्पा की वस्तुमान. विल्सन क्वार्कमध्ये वस्तुमान शून्यापासून मोजलं जात नाही, ते क्रिटिकल कप्पापासून मोजलं जातं, त्यामुळे इनपुटमधलं "मास" उणे असलं तरी घाबरू नका. तीन, सॉल्व्हरचा रेसिड्यू, म्हणजे उत्तरात उरलेली चूक.

रेसिड्यूबद्दल जरा जास्त बोलतो. हलक्या क्वार्कला दहाचा उणे आठवा घात सहसा पुरतो. पण तीच फाइल चार्मला वापरली की फसगत. या लॅटिसवर जे-साय (चार्म-अँटिचार्मचा कण) साधारण १.४२ लॅटिस युनिटचा आहे, म्हणजे प्रत्येक चार्म क्वार्कच्या वाट्याला ढोबळपणे ०.७१. सोर्सपासून ३० टाइमस्लाइस दूर प्रोपगेटर दहाच्या उणे नवव्या-दहाव्या घातापर्यंत बारीक झालेला असतो, आणि सॉल्व्हर जो रेसिड्यू मोजतो तो सगळ्या लॅटिसवरचा एकत्र, ज्यात सोर्सजवळचा भागच सगळं वजन खातो. सॉल्व्हर म्हणतो झालं, आणि दूरच्या टोकाला नुसता गाळ असतो. चार्मला टॉलरन्स बराच कडक करा, आणि मग तो अजून शंभरपट कडक करून एका कॉन्फिगवर कोरिलेटर हलतो का ते बघा. हलला तर आधीचा कमी पडत होता.

सोर्स प्रत्येक कॉन्फिगवर वेगळ्या रँडम जागी ठेवा, नाहीतर एकामागून एक येणाऱ्या कॉन्फिगमध्ये तोच कोपरा परत परत मोजला जातो. आणि सोर्सचा टाइमस्लाइस फाइलच्या नावातच लिहा. नंतर शिफ्ट करताना "हा १७ होता की ७१" असा प्रश्न पडतो, त्यात ७१ तर ६४ च्या लॅटिसवर अस्तित्वातच नाही.

५. कोरिलेटर आणि तो २५४ वाला घोळ

पायॉनचा कोरिलेटर म्हणजे प्रोपगेटरच्या सगळ्या घटकांच्या वर्गांची बेरीज, गॅमा-५ च्या कृपेने. वर्गांची बेरीज म्हटल्यावर ती अधिकच असणार, आणि सरासरीतच नव्हे तर *प्रत्येक कॉन्फिगवर, प्रत्येक टाइमस्लाइसवर*. यासारखी फुकटची तपासणी नाही. एक जरी उणे आकडा दिसला तरी थांबा, कॉन्ट्रॅक्शन चुकलंय. हे पॉइंट सोर्स आणि पॉइंट सिंकला पक्कं आहे. नॉइज सोर्सला एकाच सोर्सच्या सोल्यूशनचा वर्ग घेत असाल तरही चालेल.

मग सोर्स शून्यावर आणा आणि टी व ६४ उणे टी हे एकत्र करून घडी घाला. पायॉनला अधिक चिन्हाने. पण अॅक्सियल करंटचा काळाचा घटक आणि पायॉन यांचा मिश्र कोरिलेटर मधल्या बिंदूभोवती उलट्या चिन्हाचा असतो, तिथे उणे चिन्हाने घडी. सरसकट अधिकने घडी घातलीत तर सिग्नल स्वतःलाच खातो, शून्याभोवती नॉइज उरतो, आणि मग लोक म्हणतात स्टॅटिस्टिक्स कमी पडतंय.

आता इफेक्टिव्ह मास. सोपा फॉर्म्युला: टी वरचा कोरिलेटर भागिले पुढच्या टाइमस्लाइसवरचा, त्याचा लॉग. हा फक्त पुढे जाणाऱ्या पायॉनसाठी खरा आहे. डबा पिरियॉडिक आहे, मागून फिरून येणारा पायॉनही त्यात असतो, आणि पायॉन हलका असल्यामुळे तो लवकर मरत नाही. २२ व्या टाइमस्लाइसला मागचा भाग पुढच्याच्या साडेसहा टक्के आहे. वाटतं किरकोळ आहे, पण लॉगवाला इफेक्टिव्ह मास तिथे ०.१३६ ऐवजी ०.११७ देतो. गुणा २१७६ ने: २५४ एमईव्ही. झालं, हाच तो प्लॉट. त्याने १९ ते २५ एवढीच खिडकी काढली होती, अक्ष ० ते १ चा ठेवला होता, त्यामुळे उतार डोळ्याला सपाट दिसत होता.

उपाय: कॉशवाला वापरा. मागचा आणि पुढचा कोरिलेटर यांची बेरीज भागिले मधल्याची दुप्पट, त्याचा आर्ककॉश. आणि फिट करतानाही दोन एक्स्पोनेन्शियलची बेरीज, एक पुढचा एक मागचा.

तपासा: एक एकक मोमेंटम दिलेला पायॉन पण काढा. मोमेंटम २ पाय भागिले ३२ म्हणजे ०.१९६, ऊर्जा ०.२३९ च्या आसपास यायला हवी. नाही आली तर फेजचं चिन्ह किंवा सोर्सची जागा चुकलीय.

६. बिन, मग जॅकनाइफ, मग बाकी सगळं

हा क्रम बदलायचा नाही.

एका कॉन्फिगवरचे चार सोर्स म्हणजे चार स्वतंत्र सॅम्पल नव्हेत. आधी त्यांची सरासरी काढा, कॉन्फिगमागे एकच कोरिलेटर ठेवा. मग लागोपाठच्या कॉन्फिगचे बिन (गट) करा: १, २, ५, १० असं वाढवत जा आणि एरर वाढायचा कुठे थांबतो ते बघा. समजा ४०० कॉन्फिग होत्या आणि ५ चा बिन पुरला, तर तुमच्याकडे ८० सॅम्पल आहेत, ४०० नाहीत, आणि लेखात पण तेच लिहायचं.

अंतर ०.०५ फर्मीच्या खाली गेलं की टोपोलॉजिकल चार्ज गोठायला लागतो, हजारो ट्रॅजेक्टरी एकाच आकड्यावर अडकून बसतात आणि बिनिंगला ते दिसतही नाही. आपल्या ०.०९ वर ती वेळ येत नाही, तरी चार्जचा हिस्टरी प्लॉट एकदा काढून ठेवा.

जॅकनाइफमधली (एकेक बिन वगळून परत मोजण्यातली) अजरामर चूक: सॅम्पल एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून त्यांच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला (एन उणे १) भागिले एन ने *गुणायचं* असतं. लायब्ररीतलं तयार "स्टँडर्ड एरर" फंक्शन लावलंत तर ८० बिनला एरर ७९ पट लहान येतो. पायॉन चार दशांशांपर्यंत नेमका आला म्हणून पेढे वाटायच्या आधी हे बघा.

आणि इफेक्टिव्ह मास काढायचा तो सरासरी कोरिलेटरचा (आणि प्रत्येक जॅकनाइफ सॅम्पलचा). प्रत्येक कॉन्फिगचा वेगळा लॉग घेऊन त्यांची सरासरी, हे नाही.

७. फिट

शेजारच्या टाइमस्लाइसचे आकडे एकत्र हलतात, म्हणून कोव्हेरियन्स मॅट्रिक्ससकट फिट करायचा. ८० सॅम्पलमधून २५ बिंदूंची मॅट्रिक्स उलटवायला गेलात तर तिच्या सगळ्यात लहान आयगनव्हॅल्यू निव्वळ नॉइज असतात, आणि उलटवल्यावर त्याच सगळ्यात मोठ्या होतात. लक्षण ओळखीचं: फिटची रेष सगळ्या बिंदूंच्या खालून जाते आणि काय-स्क्वेअर तरी छान. असं दिसलं तर बिंदू कमी करा, एक सोडून एक घ्या, किंवा एसव्हीडी कट लावा (लहान आयगनव्हॅल्यू छाटा), पण कट किती लावला ते लिहा.

खिडकी निवडायची पद्धत: शेवटचं टोक ठेवा, सुरुवातीचं टोक ४ पासून १८ पर्यंत सरकवा, प्रत्येक वेळी एक-स्टेट आणि दोन-स्टेट दोन्ही फिट करा, एकाच प्लॉटवर टाका. दोघं जिथे एकमेकांशी पटवून घेतात तिथून पुढे थोडं सुरक्षित अंतर ठेवून सुरुवात करा. काय-स्क्वेअर सगळ्यात सुंदर आहे म्हणून खिडकी निवडू नका. खऱ्या पायॉनला सगळ्यात जवळचं उत्तर देते म्हणून तर अजिबात नको, तो शुद्ध ढापूपणा आहे. मोह टाळायचा असेल तर कोरिलेटर दुसऱ्या कुणाकडून एका गुप्त आकड्याने गुणून घ्या आणि सगळं ठरल्यावर उघडा. वस्तुमानाला मात्र नुसता आकडा पुरत नाही, तो वस्तुमानात दिसतच नाही, टी बरोबर बदलणारा गुप्त एक्स्पोनेन्शियल लागतो (घडीनंतर तो मागच्या भागाशी जुळवून घ्यावा लागतो, जरा किचकट आहे).

पायॉनवर शिकून ऱ्होकडे (दुसऱ्या, जड मेसॉनकडे) जाणाऱ्यांसाठी: पायॉनचा नॉइज सिग्नलबरोबरच कमी होतो म्हणून तो शेवटपर्यंत स्वच्छ दिसतो, ऱ्होचा तसा नाही. खऱ्या वस्तुमानांना दर अडीच टाइमस्लाइसला सापेक्ष नॉइज दुप्पट होतो आणि तेवढं भरून काढायला चौपट कॉन्फिग लागतात. म्हणून तिथे प्लॅटो लांब नेण्यापेक्षा सोर्स स्मिअर करून तो लवकर सुरू करणं परवडतं.

८. डीके कॉन्स्टंट आणि क्वार्कचं वस्तुमान

इथे आता फिटचा अॅम्प्लिट्यूडही लागतो. दोन सापळे.

स्मिअर केलेल्या सोर्सचा अॅम्प्लिट्यूड थेट वापरू नका, त्यात स्मिअरिंगचा गुणक बसलेला असतो. स्मिअर-लोकल आणि स्मिअर-स्मिअर दोन्ही काढा, एकच वस्तुमान ठेवून एकत्र फिट करा. पहिल्याचा अॅम्प्लिट्यूड भागिले दुसऱ्याचं वर्गमूळ केलं की स्मिअरिंग कटतं. दुसरा सापळा: पायॉनचा डीके कॉन्स्टंट काही लोक १३० एमईव्ही लिहितात, काही ९२. दोघंही बरोबर, मध्ये २ चं वर्गमूळ आहे. तुलना करताना समोरचा कोणत्या गावचा आहे ते आधी विचारा.

क्वार्कच्या वस्तुमानासाठी पीसीएसी (अॅक्सियल करंट आणि पायॉन यांना जोडणारं नातं): अॅक्सियल करंटच्या कोरिलेटरचं टी बद्दलचं डेरिव्हेटिव्ह (दोन्ही बाजूंनी सममित), भागिले पायॉनच्या कोरिलेटरची दुप्पट. हे गुणोत्तर इफेक्टिव्ह मासपेक्षा खूप आधीपासून सपाट असतं, कारण ते ऑपरेटरचंच नातं आहे, एक्सायटेड स्टेटलाही लागू. सोर्सपासून चार-पाच टाइमस्लाइस सोडूनही ते वळत असेल तर डेरिव्हेटिव्ह किंवा घडीचं चिन्ह तपासा.

हा आकडा अजून कच्चा आहे. याला अॅक्सियल आणि स्यूडोस्केलरचे रिनॉर्मलायझेशन गुणक लागतात, मग एमएस-बार स्कीम (आकडे मांडायची ठरलेली पद्धत), २ जीईव्ही स्केलवर. "अप-डाउनचं सरासरी वस्तुमान साधारण ३.४ एमईव्ही, स्ट्रेंजचं ९३ च्या आसपास" हे आकडे त्या स्कीममधले, त्या स्केलवरचे आणि खऱ्या पायॉन वस्तुमानाचे आहेत, तुमच्या कच्च्या आकड्याची त्यांच्याशी तुलना निरर्थक. स्ट्रेंज आणि हलक्याचं गुणोत्तर मात्र बरंचसं सुरक्षित, त्यात गुणक कटतात. खऱ्या वस्तुमानांना ते साधारण २७ येतं. तुमच्या २९६ च्या पायॉनला ते याहून बरंच कमी येणार, कारण तुमचा हलका क्वार्क जड आहे.

९. एमईव्हीत लिहिण्याआधी

अंतराचा स्वतःचा एरर असतो (या संचात ते ओमेगा बॅरिऑनच्या वस्तुमानावरून ठरवलंय), तो प्रत्येक एमईव्हीच्या आकड्यात घाला. गुणोत्तरांत घालू नका, तिथे तो कटतो.

एका अंतरावरचा आकडा म्हणजे त्या लॅटिसवरचा आकडा, निसर्गातला नव्हे. निसर्गाबद्दल काही म्हणायचं असेल तर किमान तीन अंतरं, अंतराच्या वर्गाविरुद्ध एक्स्ट्रापोलेशन, वेगवेगळे पायॉन, आणि शक्य असेल तर दोन डबे.

अडलात आणि कुणाला विचारायचं झालं, गाइडला किंवा टीआयएफआरमधल्या ओळखीच्या कुणाला, तर नुसता प्लॉट पाठवू नका. एका कॉन्फिगचा नंबर, तिचा तुमचा प्लॅकेट, त्याच कॉन्फिगवरचे पायॉन कोरिलेटरचे ६४ आकडे, इनपुट फाइल, बिन किती, फिटची खिडकी आणि काय-स्क्वेअर, एवढं एका फोल्डरमध्ये घाला. आणि अक्षावर लिहा, इफेक्टिव्ह मास लॉगवाला आहे की कॉशवाला.